वार्वाराचे गहू

पडदा अजून वर गेलेला नाही, रंगमंचावर माणूस नाही. पुठ्ठ्याचे दोन खांब आहेत, त्यांच्यावरचा पांढरा रंग अजून बोटाला लागतो. मधोमध एक लाकडी खुर्ची. खाली थॉर्नबरीच्या ग्रीक मंडळाचा हॉल माणसांनी गच्च भरलेला. डिसेंबरचा रविवार, दुपार, मेलबर्नवर उत्तरेचा भाजणारा वारा सुटलेला. छतावरचे पंखे गरगरताहेत आणि तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलताहेत. भिंतीलगत लांब टेबलं, त्यांवर कॉफीचं पिंप, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पराती, आणि एका टोकाला झाकण ठेवलेलं मोठं पातेलं. त्यात शिजवलेले गोड गहू. अक्रोड, बेदाणे, वर दालचिनीची पूड.

आणि डाव्या विंगेत, एका स्टुलावर, मांडीवर पांढरी ओढणी घेऊन बसलेली एक बाई. वय ऐंशी. पाठ ताठ. हात मात्र ओढणीची किनार चुरगळत होते, सोडत होते, पुन्हा चुरगळत होते.

तिला सगळा हॉल थेक्ला म्हणून ओळखत होता.

या विंगेतली ती जुनी प्रॉम्प्टर. दिवसा शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर जोडायच्या आणि संध्याकाळी इथे येऊन नाटकाची वही धरायची. किती राजे, किती खलाशी, किती सासवा तिच्या कुजबुजीवर तरून गेल्या! टाळ्या त्यांना मिळायच्या आणि ही अंधारात पान उलटायची. उजेडात यायला कोणी सांगितलं की म्हणायची, "मला नको बाई. तिथे सगळे बघतात."

आज तिला उजेडात यायचं होतं. कारण एकच, नातीचं पुस्तक.

नात म्हणजे टेस. कागदोपत्री तीही थेक्लाच. मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचं नाव, दुसरं काय ठेवणार? पण शाळेत टेस झाली ती टेसच राहिली, आणि आजीने तर तिला थेक्ला म्हणून कधी एकदाही हाक मारली नव्हती. 'माझी पोर' म्हणायची, 'बाळा' म्हणायची, चिडली की 'अगं ए' म्हणायची. टेसने इंग्रजीत कादंबरी लिहिली, ती छापून आली, आणि मंडळाने प्रकाशनाचा समारंभ ठेवला. कादंबरीतला शेवटचा प्रवेश ग्रीकमध्ये करून दाखवायचा असं ठरलं.

गोष्ट जुनीच. राजा अद्मितोसला मरण आलं. देव म्हणाले, तुझ्या जागी दुसरं कोणी येत असेल तर तू राहा. म्हातारा बाप नाही म्हणाला, आई नाही म्हणाली, बायको अल्किस्ती गेली. मग घरी पाहुणा आलेला बलदंड इराक्लीस थडग्यापाशी जाऊन मृत्यूशी कुस्ती खेळला आणि तोंडावर ओढणी घेतलेली एक बाई राजाच्या हातात देऊन म्हणाला, घे, सांभाळ. राजाने ओढणी उचलली, बायको ओळखली, आनंदीआनंद. बाई मात्र अवाक्षर बोलत नाही.

"ती का बोलत नाही, हे सगळ्यांनी विचारलं," टेस तालमीत म्हणाली होती. "मी विचारते, ती तीच होती कशावरून?"

टेसच्या पुस्तकात ओढणीखाली अल्किस्ती नव्हतीच. भलतीच एक मुलगी होती. राजाला बायको हवी होती, पाहुण्याला शाबासकी हवी होती, राज्याला राणी हवी होती. मुलीचं नाव कोणालाच नको होतं.

"बरं आहे," स्टेलियोस म्हणाला होता. हा मासे तळून विकणारा, अंगाने धिप्पाड, म्हणून इराक्लीसचं काम त्याच्याकडे. "एवढी मृत्यूशी कुस्ती खेळायची, आणि आणायची ती चुकीची बाई! टेस, पोरी, आम्हा पुरुषांचं एक तरी काम धड होऊ दे ना तुझ्या पुस्तकात."

"मी परवा तुला कोळंबी सांगितली तर तू स्क्विड बांधून दिलास," टेस म्हणाली. "तुझं काम अगदी धड दाखवलंय."

सगळे हसले. विंगेतली म्हातारी तेवढी हसली नाही. कारण ही गोष्ट टेसने कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती. लहानपणी ताप आला की ती आजीच्या कुशीत शिरायची, आणि याया, म्हणजे आजी, तिला हीच गोष्ट सांगायची, अशीच. 'आणि मग ओढणीखाली भलतीच निघाली.' 'मग याया, राजाने विचारलं नाही, तू कोण?' 'विचारलं की. ती म्हणाली, ज्या नावाने हाक माराल त्या नावाने मी वळेन.' आजीला वाटलं होतं, तापातलं पोर आहे, विसरेल. पोर विसरलं नाही. त्याने ते छापलं.

आज सकाळी ओढणीतल्या बाईचं काम करणारी मुलगी आजारी पडली. टेस धावत आजीकडे आली. "याया, तू उभी राहा ना तिच्या जागी. चालत यायचं, थांबायचं आणि शेवटी एकच वाक्य. तुला तर ते पाठ आहे."

तिच्या जागी. पण नातीला नाही कसं म्हणणार?

खरं तर त्याआधीच, सकाळी चर्चमध्ये, तिला एक धक्का बसला होता.

आज संत वार्वाराचा दिवस, म्हणजे वार्वारा नावाच्या प्रत्येकीला शुभेच्छा द्यायचा दिवस. पूजा संपत आली तेव्हा पाद्रीबाबांनी मृतांसाठी आणलेल्या उकडलेल्या गव्हांच्या ताटल्यांवर धूप फिरवला आणि नावं वाचायला घेतली. कोस्तास, देस्पिना, इलियास... आणि मग स्पष्ट, खणखणीत आवाजात, वार्वारा.

तिने ओळीत उभ्या उभ्या आपलं नाव मेलेल्यांत ऐकलं.

कारण वार्वारा तीच होती. ग्रीसमध्ये कोझानीच्या डोंगरातल्या एका गावात दोन बहिणी होत्या, थेक्ला थोरली आणि वार्वारा धाकटी. मेलबर्नच्या अर्गिरीशी लग्न ठरलं ते थेक्लाचं, फोटोवरून. बोटीत चढायच्या आधी थेस्सालोनिकीला ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरकडून छातीचा फोटो काढावा लागे, आणि थेक्लाला खोकला होता, उशीवर लाल डाग पाडणारा. बाप म्हणाला, "यंत्रापुढे वार्वाराला उभी करू. हाडांचाच तर फोटो. हाडांना कुठे नाव असतं?"

वार्वारा थंड काचेला छाती टेकवून उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, "श्वास धर." 'सोड' म्हणाला की नाही, ते तिला आजही आठवत नाही.

बोटीची तारीख आली तेव्हा थेक्लाला जिना उतरवेना. तिकडे शब्द दिलेला, इकडे गावभर लाडू वाटावेत तशी बदामाची मिठाई वाटून झालेली. बाप म्हणाला, "एकदा झालीसच थेक्ला, आता आणखी एकदा हो." थेक्लाने अंथरुणातून आपले नवे बूट काढून दिले. ते वार्वाराला मोठे होत होते. "बोटं पुढे रेटून हळू चाल," थेक्ला म्हणाली. "लोकांना वाटेल, नवरी लाजतेय."

पुढच्या वसंतात थेक्ला वारली. पण थेक्ला तर ऑस्ट्रेलियात होती, नांदत होती! मग पुरायची कोणाला? गावाने वार्वाराला पुरलं. क्रूसावर वार्वारा लिहिलं. बातमी घेऊन गावचा एक माणूस थॉर्नबरीच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा अर्गिरीने दंडाला काळी फीत बांधली आणि बायकोला जवळ घेऊन म्हणाला, "बिचारी वार्वारा. मी तिला पाहिलंसुद्धा नाही गं."

त्या रात्रीपासून ती गप्प राहिली, ती राहिलीच. आधी परत पाठवतील म्हणून, मग मुलं लहान म्हणून, मग मुलं मोठी म्हणून. स्वतःपुरती एकच गोष्ट तिने ठेवली. दर वर्षी या दिवशी ती पातेलंभर गोड गहू शिजवायची. कोझानीकडे वार्वाराच्या दिवशी घरोघर शिजवतातच, त्यामुळे कोणी विचारायचा प्रश्न नव्हता. शेजारीपाजारी वाटायची. लोक वाटी पुढे करून म्हणायचे, "थेक्ला, झकास झालेत." आपल्या नावाचे गहू ती अशी सगळ्यांच्या तोंडात बघायची. तेवढ्यावर वर्ष निघायचं.

आता विंगेच्या पायऱ्या चढून किरा सुलताना, म्हणजे सुलतानाबाई, आली. तिच्या माहेरच्या शेजारगावची, जिभेला विश्रांती नसलेली, मनाने सरळ. हातात दोन कागदी द्रोण.

"घे, तोंड उघड. एक तुझा गोड, एक माझा चर्चमधला. ऐकलंस ना सकाळी? मीच दिलं वार्वाराचं नाव."

"का?" म्हातारीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"का म्हणजे? एप्रिलमध्ये गावी गेले होते ना. तुमच्या दफनभूमीतल्या हाडांच्या खोलीत गेले. थडग्यातून काढलेल्या तुझ्या बहिणीच्या हाडांची पेटी आहे तिथे, गंजलीय गं. पुसली, मेणबत्ती लावली. म्हटलं, सख्खी बहीण इथे पातेली शिजवते, पण तिच्या नावाने कधी प्रार्थना नाही सांगत. रागावली असशील जुन्या कशावरून. मग मीच सांगितली. चुकलं का?"

"नाही."

"मग असं भूत बघितल्यासारखं काय बघतेस?"

म्हातारीने दोन्ही द्रोण घेतले. एका हातात जिवंत वार्वाराचे गहू, दुसऱ्या हातात मेलेल्या वार्वाराचे. दिसायला सारखेच. तिच्या मनात एकच कळ उठली. आपण आज नाही तर उद्या जाऊ, आपल्या मागे पाद्रीबाबा थेक्लासाठी गातील, हे एकवेळ चालेल. पण ती? ती तिथे गंजक्या पेटीत पडलीय, आणि तिच्यासाठी तिच्या नावाने आजवर एक कण शिजला नाही. उलट दर रविवारी तिचं नाव जिवंतांत वाचलं जातं. तिला देव शोधत असेल तर कुठे शोधत असेल?

आणि बोलायचं म्हटलं, तर खाली अर्गिरी बसला होता.

पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं. पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात ठेवून, इस्त्रीच्या शर्टात. आणि कार्यक्रम सुरू व्हायची वाट न बघता शेजारच्या फार्मसीवाल्याला आपली ठेवणीतली गोष्ट सांगत होता. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचा तीच.

"स्टेशन पियरच्या धक्क्यावर बोटीतून चारशे नवऱ्या उतरल्या, चारशे! सगळ्यांच्या हातात फोटो, सगळे हाका मारताहेत. काही गाढवांनी भलत्याच पोरींचे हात धरले. मी? मी शांत उभा. म्हटलं, जी सगळ्यात हळू येईल, लाजत येईल, ती माझी. आणि आली! एकेक पाऊल, असं. मी फोटो खिशात ठेवला. फोटो कशाला लागतो? माणूस ओळखता यायला पाहिजे."

"तुमच्यासारखा एकच, अर्गिरीकाका," फार्मसीवाला म्हणाला.

"एकच!" अर्गिरीने काठी आपटली.

या माणसाने गाडीच्या कारखान्यात हाडं झिजवली, कधी हात उगारला नाही, तिच्या आजारपणात सूप करायला शिकला. त्याच्यापाशी मिरवायला आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती. ती काढून घ्यायची? भर हॉलमध्ये?

टेस धावत आली. तिने आजीच्या डोक्यावर ओढणी टाकली, चेहऱ्यावर सारखी केली. "याया, हात बर्फ झालेत तुझे. घाबरू नकोस. मी इथेच वही धरून उभी आहे. आज मी प्रॉम्प्टर."

"टेस."

"काय?"

"काही नाही. वही नीट धर."

पडदा वर गेला, प्रवेश सुरू झाला. राजा झालेला केशकर्तनवाला मानोलिस खुर्चीत बसून रडत होता, आणि जरा जास्तच रडत होता. स्टेलियोसने विंगेत येऊन तिचा हात धरला. "चला, किरा थेक्ला. तुम्हाला मृत्यूच्या तावडीतून आणलंय, जरा हसून या."

ती चालू लागली. हळू. एकेक पाऊल. आज बूट तिच्याच मापाचे होते, तरी बोटं आपोआप पुढे रेटली गेली. ओढणीतून सगळं दुधी दिसत होतं. खांब, माणसं, पहिल्या रांगेतला पांढरा शर्ट. तो पुढे वाकला होता. ती चाल त्याने ओळखली असणार.

"घे, राजा," स्टेलियोस गरजला. "हिला घरात ठेव."

मानोलिस उठला. त्याने तिचा हात घेतला. "बाई, तुझी उंची तिच्यासारखी. तुझी चाल तिच्यासारखी. तू कोण?"

आता वाक्य. श्वास धर, डॉक्टर म्हणाला होता. तिने धरला.

पंख्यांची घरघर. कोणीतरी खोकलं.

"ज्या नावाने हाक माराल," विंगेतून टेसची कुजबुज आली, "त्या नावाने मी वळेन."

ती उभीच. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. सुलतानाचा आवाज आला, "अगंबाई, विसरली!"

"याया," टेस थोडं मोठ्याने, "ज्या नावाने हाक..."

"ऐकू आलं मला, बाळा," म्हातारी म्हणाली. "पण आता ते नको."

तिने स्वतःच ओढणी वर केली. मानोलिसचा हात तिने हळूच सोडवला आणि ती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली, जिथे ती आयुष्यात कधी आली नव्हती.

"माझं नाव वार्वारा," ती म्हणाली. "थेक्ला माझी बहीण. ती आजारी होती, म्हणून तिच्या जागी मी आले. ती वारली, म्हणून माझ्या नावाने तिला पुरलं. सुलताना, तू पुसलीस ती पेटी थेक्लाची आहे."

कोणी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर शेजाऱ्याने ते खाली दाबले. हे पुस्तकातलं नव्हे, हे आता मागच्या रांगेलाही कळलं होतं.

सुलतानाने छातीवर क्रूस काढला. "देवाच्या आई! मी जिवंत बाईचे गहू मेलेल्यांत वाटले!"

"तिच्यासाठीच वाटलेस. पुढच्या रविवारी नाव तेवढं बरोबर सांग."

टेस वही घेऊन विंगेतून बाहेर आली होती. ती आजीपाशी येऊन थांबली. मग म्हणाली, "मग माझं नाव..."

"तिचं आहे. तुझ्याकडेच तेवढं खरं आहे. मला ते तुला हाक मारायला कधी जमलं नाही, पोरी. तोंडात यायचं आणि ती डोळ्यांसमोर यायची."

अर्गिरी उठला. कोणी आधार द्यायला आलं, त्याला त्याने काठीने बाजूला सारलं. तो रंगमंचाच्या पायऱ्यांशी येऊन थांबला. मान वर करून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं, आणि तिला तो चेहरा उलटासुलटा पाठ होता.

"ती चाल," तो म्हणाला. "पियरवर. तू लाजत होतीस."

"बूट मोठे होते, अर्गिरी. तिचे होते."

मागे कोणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. अर्गिरीचे कान लाल झाले. तिने ओढणीची किनार मुठीत धरली.

"म्हणजे मी पण त्या गाढवांतलाच," तो म्हणाला.

"अर्गिरी..."

"थांब. मला बोलू दे. मी काळी फीत कोणासाठी बांधली होती?"

"तिच्यासाठी. ती तुझी होणार होती. बरोबर माणसासाठीच बांधलीस तू."

"आणि रोज सकाळी, कॉफी टाक म्हणून, इतकी वर्षं मी हाक मारत होतो, ती कोणाला?"

"मला. वळत कोण होतं रे?"

तो काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिला. बाहेर वारा फिरला असावा. मागचं दार आपटलं आणि हॉलमध्ये अचानक समुद्राकडची गार झुळूक शिरली. टेबलावरचे कागदी द्रोण उडाले. कोणी उचलायला गेलं नाही.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "कानातलं यंत्र नीट बसलेलं नाही."

"वार्वारा."

"आज तिचाच दिवस."

"माझा."

"म्हणजे ते गहू..." त्याने मागे वळून पातेल्याकडे पाहिलं. दर वर्षी दोन वाट्या खायचा तो, आणि तिसरी मागायचा. "मला एकदाही वाटलं नाही, कोणाला शुभेच्छा द्याव्यात."

तो पहिली पायरी चढला, दुसरी चढला. सगळा हॉल श्वास धरून. तिच्यापासून हातभर अंतरावर तो थांबला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जीभ वळत नाही," तो शेवटी म्हणाला. "सवय नाही या नावाची."

तेव्हा तिने ओढणी खुर्चीवर टाकली, त्याच्याकडे पाठ केली, आणि पुठ्ठ्याच्या खांबांकडे तोंड करून उभी राहिली.

"कानांना तरी कुठे आहे?" ती म्हणाली. "मार हाक. बघू या, मी वळते का."